फोल्डरमधल्या मजकूर-फाइलींवरून ब्लॉग: साधन कोणतं घ्यावं आणि जुने मराठी पत्ते कसे टिकवावेत?

कोरी_वही

वर्डप्रेसवरचा मराठी ब्लॉग साध्या फाइलींवर आणायचा आहे. प्रत्येक लेखाची एक मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी सांगणारी मजकूर) फाइल, सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये, आणि एक आज्ञा दिली की त्यातून पूर्ण साइट तयार, असं हवं आहे. डेटाबेस नको, सतत अपडेट मागणारी प्लगइनं नकोत. लेख काही शे आहेत, फोटो भरपूर आहेत आणि वाचकांच्या प्रतिक्रियाही आहेत.

अशी साइट बांधणाऱ्या जेकिल, ह्यूगो, इलेव्हन्टी, पेलिकन या साधनांतलं काय घ्यावं? फाइलनावं देवनागरीत चालतात का? जुन्या लेखांचे दुवे इतरांनी आपापल्या पानांवर दिलेले आहेत, ते तुटता कामा नयेत. प्रतिक्रिया आणि शोध यांची सोय कशी करतात? टर्मिनल आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कामापुरतं येतं.

साधी_फाइल

साधनाची निवड वाटते तितकी निर्णायक नाही, म्हणून ती आधी उरकतो. (आज्ञा आणि फाइलनावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं.) चारही साधनं एकच काम करतात: लेखाच्या फाइलीचा माथा (वरचा माहितीचा भाग) वाचायचा, खालच्या मार्कडाउनचं एचटीएमएल करायचं, ते थीमच्या साच्यात बसवायचं आणि तयार पानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. जेकिल आणि इलेव्हन्टी ती '_साइट'मध्ये ठेवतात, ह्यूगो 'पब्लिक'मध्ये, पेलिकन 'आउटपुट'मध्ये. सर्व्हरवर जातं ते एवढंच.

फरक पडतो तो बसवण्यात आणि वेगात. जेकिल २००८ सालचं, रूबीवर चालतं. गिटहब पेजेस या गिटहबच्या साइट-होस्टिंगवर फाइली नुसत्या पुश केल्या (चढवल्या) तरी तिथे जेकिल आपोआप चालतं, ही त्याची मोठी सोय. पण ती आवृत्ती ३च्या मालिकेतली आहे आणि मोजकीच प्लगइनं चालू देते. जेकिल ४ हवं असेल तर बिल्ड (फाइलींवरून साइट बांधणं) गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित कामांच्या सोयीतून करावा लागतो, म्हणजे ती सोय गेलीच. आपल्या संगणकावर रूबीच्या आवृत्त्या सांभाळणं हे जेकिलचं खरं दुखणं. रूबी ३.० मधून 'वेबरिक' हा छोटा वेब-सर्व्हर वगळला गेला आणि तेव्हाच्या जेकिलचं 'जेकिल सर्व्ह' (साइट आपल्याच संगणकावर दाखवणारी आज्ञा) चालेनासं झालं. 'बंडल ॲड वेबरिक' एवढाच उपाय आहे, पण तो माहीत असावा लागतो.

ह्यूगो २०१३चं, गो भाषेतलं. एकच एक्झिक्युटेबल उतरवून घ्यायचं, बाकी काही लागत नाही, आणि काही शे लेख ते एकदोन सेकंदांत बांधून देतं. त्याची टेम्प्लेटची भाषा मात्र किचकट आहे आणि नव्या आवृत्तीवर जुन्या थीम मोडतात. इलेव्हन्टी जावास्क्रिप्टवाल्यांना जवळचं, पेलिकन पायथनवाल्यांना. यांतली कोणतीच भाषा रोजच्या वापरात नसेल तर ह्यूगो घ्या आणि ज्या आवृत्तीवर साइट नीट बांधली जाते तिचा क्रमांक बिल्डच्या फाइलीत पक्का लिहा. तिथे 'लेटेस्ट' लिहिलं की आपण काहीही बदललेलं नसताना एके दिवशी साइट मोडते.

आता जास्त महत्त्वाचं. साधन पुढेमागे बदलेल, फाइली त्याच राहतील. म्हणून मजकुरात त्या साधनाचे शॉर्टकोड (फक्त त्यालाच कळणाऱ्या खास खुणा) शक्यतो घालू नका. फोटोसाठी मार्कडाउनचीच पद्धत, तळटीपांसाठीही मार्कडाउनचीच. ह्यूगोचा एखादा खास शॉर्टकोड शंभर लेखांत पसरला की पुढे जेकिलला किंवा इलेव्हन्टीला तो निव्वळ कचरा दिसतो.

माथ्यात तीन आडव्या रेघांच्या जोडीमध्ये वायएएमएल ('नाव: मूल्य' अशा ओळींची पद्धत) येतं: शीर्षक, तारीख, टॅग, ड्राफ्ट आहे का, आणि पत्ता. इथे मराठीत हमखास होणाऱ्या चुका सांगून ठेवतो. शीर्षकात विसर्गासारखा दिसणारा कोलन आणि त्यापुढे मोकळी जागा असेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालावं लागतं, नाहीतर बिल्ड थांबतो. अवतरणचिन्हं सरळ हवीत, वर्ड प्रोसेसरमधली वळणदार नकोत. ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, स्पेसच हवी. तारीख इंग्रजी अंकांत (1, 2, 3) हवी. देवनागरी अंकांतली तारीख ह्यूगोला वाचता येत नाही आणि तो तसं स्पष्ट सांगून थांबतो. जेकिलमध्ये तर फाइलनावातच वर्ष-महिना-दिवस लागतात. ते नसतील तर '_पोस्ट्स'मधली फाइल काही न बोलता वगळली जाते. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, पण 'बॉम' नको. ती तीन अदृश्य बाइट सुरुवातीला आली की पहिली आडवी रेघ काही साधनांना ओळखता येत नाही आणि सगळा माथा मजकूर म्हणून पानावर उमटू शकतो.

मात्रा_वेलांटी

देवनागरी फाइलनावांबद्दल. चालतात, पण परिणाम समजून घ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं मोजायची. 'पाऊस' हा एवढासा शब्द कॉपी करून मेलमध्ये चिकटवला की ३६ अक्षरांचा होतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे जास्तीत जास्त ८५ देवनागरी चिन्हं. लांब शीर्षक जसंच्या तसं फाइलनाव केलं तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

त्याहून वाईट भानगड 'ऱ'ची. 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' यांतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखे. कीबोर्डप्रमाणे यांतला कोणताही येतो आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली तर नावं फोडूनच साठवायची. दुव्यात एक रूप आणि फाइलनावात दुसरं असलं की सर्व्हर ४०४ ('पान सापडलं नाही') देतो, आणि दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहिली तरी फरक दिसत नाही. देवनागरी नावं ठेवायचीच असतील तर सगळी एनएफसी (युनिकोडच्या जोडलेल्या) रूपात आणून घ्या; पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलने पाचदहा ओळींत होतं.

ह्यूगोच्या मांडणीत (कॉन्फिग फाइलीत) 'रिमूव्ह पाथ ॲक्सेंट्स' नावाची सोय आहे. ती मुळात बंद असते, बंदच राहू द्या. युरोपीय अक्षरांवरची चिन्हं काढण्यासाठी ती केलेली आहे, पण तिच्या हिशेबात आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. 'पुस्तके'चा पत्ता 'पसतक' होतो. कुणाची तयार कॉन्फिग फाइल उचलली असेल तर ही ओळ आधी तपासा.

नव्या लेखांसाठी मी रोमन लिपीतलं छोटं नाव सुचवेन, दोनतीन शब्दांचं. शीर्षक माथ्यात मराठीत असतंच. वाचकाला आणि शोधयंत्राला तेच दिसतं.

मजकुरातल्या अडचणी वेगळ्या आहेत, त्याही सांगते.

मार्कडाउनमधल्या क्रमवार यादीला फक्त इंग्रजी अंक कळतात. ओळींच्या सुरुवातीला '१.', '२.', '३.' लिहिलंत तर यादी होत नाही, सगळ्या ओळी जुळून एक परिच्छेद होतो. इंग्रजी अंकांत लिहा आणि पानावर देवनागरी अंक दिसावेत म्हणून सीएसएसमध्ये यादीचा प्रकार 'देवनागरी' द्या. ब्राउझरांना तो कळतो.

ठळक शब्दाला विभक्तिप्रत्यय जोडताना तारे उघडे पडतात. नुसत्या शब्दाभोवती दोनदोन तारे आणि लगेच 'ला' किंवा 'चा', हे चालतं. पण ताऱ्यांच्या आत शेवटी अवतरणचिन्ह किंवा कंस असेल आणि बाहेर लगेच 'ला' आलं, तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण नियमावलीनुसार ते बंद होणारे तारे ठरतच नाहीत. अवतरणचिन्ह ताऱ्यांच्या बाहेर घ्या, प्रश्न सुटतो. अधोरेषेने तिरपा केलेला शब्द तर प्रत्यय लागला की कधीच तिरपा होत नाही, म्हणून मराठीत तिरप्यासाठीही एकेरी ताराच वापरावा.

कवितेच्या ओळी एकापुढे एक जुळतात. प्रत्येक ओळीअखेर दोन स्पेस किंवा उलटी तिरपी रेघ द्या. ह्यूगोत गोल्डमार्कच्या (त्याच्या मार्कडाउन-वाचकाच्या) रेंडररखाली 'हार्ड रॅप्स' चालू करूनही होतं, पण मग गद्यात जिथे जिथे ओळ मोडून लिहिली असेल तिथेही ती मोडलेलीच दिसेल.

परतीचा_पत्ता

जुन्या दुव्यांबद्दल. वर्डप्रेसच्या 'टूल्स'मधून 'एक्स्पोर्ट' केलं की एक एक्सएमएल मिळतं. त्यात लेख, पानं, टॅग, प्रतिक्रिया सगळं असतं. फोटो नसतात, त्यांचे पत्ते फक्त असतात. म्हणून जुनी साइट चालू असतानाच फोटो उतरवून घ्या. एक्सएमएलवरून मार्कडाउन करणारी साधनं आहेत: नोडवर चालणारं 'वर्डप्रेस एक्स्पोर्ट टू मार्कडाउन' फोटोही ओढून घेतं, 'जेकिल एक्स्पोर्टर' हे वर्डप्रेसच्याच आत बसणारं प्लगइन झिप बांधून देतं.

मराठी ब्लॉगांचा सापळा पुढे आहे. वर्डप्रेस लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि टक्केचिन्हांच्या रूपात, २०० अक्षरांच्या मर्यादेत साठवतं. वर नऊ अक्षरांचा हिशेब आलाच आहे: साधारण २२ देवनागरी चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. म्हणजे लांब शीर्षकांचे जुने पत्ते मध्येच तुटलेले आहेत, आणि शीर्षकावरून नवा पत्ता बनवलात तर तो जुन्याशी जुळणारच नाही. एक्सएमएलमधला 'पोस्ट नेम' हा रकानाच प्रमाण माना.

तो रकाना जसाच्या तसा माथ्यात टाकू नका. आधी टक्केचिन्हं उलगडून खरी देवनागरी अक्षरं करा. न उलगडता टाकला तर टक्केचिन्हं असलेल्या नावाचंच फोल्डर तयार होतं. सर्व्हर मात्र येणारी विनंती उलगडून खऱ्या देवनागरी नावाचं फोल्डर शोधतो, त्याला ते सापडत नाही. उलगडलेला पूर्ण मार्ग, वर्ष-महिन्यासकट, ह्यूगोत 'यूआरएल' या नावाखाली आणि जेकिलमध्ये 'परमालिंक' या नावाखाली प्रत्येक जुन्या लेखात लिहा. एकदा स्क्रिप्टने करून टाकलं की विषय संपला.

ह्यूगोत 'एलियासेस'ही आहेत, जुन्या पत्त्यावर एक छोटं पान तयार करून ते नव्याकडे पाठवतं. माझ्या मते जुना पत्ता जसाच्या तसा ठेवता येत असेल तर हा वळसा घेऊ नये. प्रश्नचिन्ह आणि लेखक्रमांक असलेले दुवे मात्र असे वाचवता येत नाहीत. फाइल शोधताना प्रश्नचिन्हापुढचा भाग बघितलाच जात नाही, वाचक थेट मुखपृष्ठावर पोहोचतो.

फोटोंचं आणखी एक. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या अनेक छोट्या प्रती करतं आणि लेखात बहुधा त्यांतल्याच एकीचा दुवा असतो, नावाच्या शेवटी रुंदी आणि उंची लिहिलेली. आवृत्ती ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोंची 'स्केल्ड' प्रतही असते. मूळ फाइली तेवढ्या घ्या, मजकुरातले दुवे त्यांच्याकडे वळवा आणि गिटमध्ये टाकण्याआधीच फोटो १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीवर आणा. गिटमध्ये एकदा शिरलेला मोठा फोटो नंतर पुसला तरी इतिहासात राहतो, आणि गिटहब पेजेसवर प्रकाशित साइटची मर्यादा १ जीबी आहे.

कोरी_वही

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. ह्यूगोवर मोजके लेख घेऊन गिटहब पेजेसवर चाचणी केली. संगणकावर सगळं ठीक दिसतं. चढवल्यावर रंगरूप गायब, नुसता मजकूर. सर्वांत नवा लेख दिसत नाही. काही फोटो तुटलेले आहेत. शिवाय जुन्या लेखांत जिथे व्हिडिओ होते तिथे काहीच नाही.

साधी_फाइल

चार वेगळी कारणं आहेत.

रंगरूप: साइट डोमेनच्या मुळाशी नसून रेपॉझिटरीच्या (गिटहबवरच्या तुमच्या फाइलसंग्रहाच्या) नावाच्या उपफोल्डरात आहे. मांडणीतल्या 'बेसयूआरएल'मध्ये (साइटच्या मूळ पत्त्यात) ते उपफोल्डर आणि शेवटची तिरपी रेघ, दोन्ही हवेत. तरी जमलं नाही तर थीमचा साचा बघा: 'रेलयूआरएल'ला (पत्ते बनवणाऱ्या ह्यूगोच्या फंक्शनला) दिलेला मार्ग तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर ह्यूगो उपफोल्डर धरत नाही. सुरुवातीची रेघ काढा. जेकिलमध्ये हेच काम 'रिलेटिव्ह यूआरएल' हा फिल्टर करतो. पान पूर्ण कोरंच आलं असतं तर कारण वेगळं असतं: थीम गिटचं सबमॉड्यूल (जोडलेली दुसरी रेपॉझिटरी) असते आणि ॲक्शन्सच्या 'चेकआउट' टप्प्यात सबमॉड्यूल ओढायला सांगितलेलं नसतं.

नवा लेख: तारखेत वेळ आहे पण कालक्षेत्र नाही, असं असणार. ह्यूगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. +०५:३० मध्ये सकाळी आठची वेळ लिहून नऊला बिल्ड केला, तर यूटीसीनुसार साडेतीनच वाजलेले असतात आणि आठचा लेख भविष्यातला म्हणून वगळला जातो. वेळेपुढे +०५:३० लिहा किंवा मांडणीत 'टाइमझोन' द्या. 'ह्यूगो लिस्ट फ्यूचर' आणि 'ह्यूगो लिस्ट ड्राफ्ट्स' या आज्ञा वगळलेल्या लेखांची नावं सांगतात. मुद्दाम पुढची तारीख घालून ठेवलेला लेखही आपोआप प्रकटत नाही बरं का, त्या वेळेनंतर पुन्हा बिल्ड व्हावाच लागतो. त्यासाठी ॲक्शन्समध्ये रोजचं वेळापत्रक लावतात.

पुढेमागे एका फोल्डरातले सगळेच लेख एकदम नाहीसे झाले तर तिथे 'इंडेक्स.एमडी' नावाची फाइल पडली आहे का पाहा. लेखांच्या मुख्य फोल्डरात अधोरेषेने सुरू होणारी 'इंडेक्स' फाइल हवी. अधोरेषा नसेल तर ह्यूगो त्या फोल्डरला एकच लेख समजतो आणि बाकीच्या फाइलींना त्याची जोडपत्रं.

फोटो: बहुतेक वेळा लहान-मोठ्या अक्षरांचा घोटाळा. कॅमेऱ्यातून आलेल्या नावाचा शेवट मोठ्या अक्षरांत, दुव्यात छोट्या. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक मानत नाहीत, लिनक्स सर्व्हर मानतो. नाव बदलताना 'गिट एमव्ही' वापरा. नुसतं फाइल-एक्सप्लोररमधून बदललं तर गिटला बदल कळतच नाही असं होतं.

व्हिडिओ: ते मजकुरात कच्च्या एचटीएमएलने घातलेले असतात, आणि ह्यूगोचा गोल्डमार्क असं एचटीएमएल मुळात गाळून टाकतो. गोल्डमार्कच्या रेंडररखाली 'अनसेफ' चालू करा. नाव भीतिदायक आहे, पण फाइली फक्त तुमच्याच हातच्या असतील तर हरकत नाही.

आणि एक सवय लावून घ्या: प्रत्येक बिल्डआधी 'पब्लिक' फोल्डर पुसायचं. ह्यूगो ते स्वतः साफ करत नाही, त्यामुळे काढून टाकलेला लेख किंवा चुकून बांधला गेलेला ड्राफ्ट तिथे तसाच राहतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरवर जातो.

मात्रा_वेलांटी

शोध आणि प्रतिक्रिया राहिल्या. शोधासाठी 'पेजफाइंड' बघा. साइट बांधून झाली की ते तयार पानं वाचून अनुक्रमणिका करतं आणि वाचकाच्या ब्राउझरला तिचे लागतील तेवढेच तुकडे पाठवतं. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' आहे ना, हे आधी पाहा. बऱ्याच थीममध्ये 'ईएन' पक्कं लिहिलेलं असतं. 'लूनर' हे दुसरं शोधसाधन घेतलंत तर त्याचा 'ट्रिमर' (शब्दांच्या कडा छाटणारा भाग) काढावाच लागतो. रोमन नसलेली अक्षरं त्याला अक्षरंच वाटत नाहीत, शब्द कडेने छाटत छाटत तो रिकामा करतो आणि मराठी शोधाला एकही उत्तर येत नाही.

नव्या प्रतिक्रियांसाठी 'गिस्कस' बसवायला सोपं, पण वाचकाकडे गिटहबचं खातं लागतं. साहित्यिक ब्लॉगाच्या वाचकांकडून ती अपेक्षा मला रास्त वाटत नाही. स्वतःचा छोटा सर्व्हर चालवणार असाल तर 'इस्सो' घ्या: पायथन आणि एसक्यूलाइटवर चालतं आणि वर्डप्रेसच्या एक्सएमएलमधून जुन्या प्रतिक्रिया आत घेतं. सर्व्हर नको असेल तर जुन्या प्रतिक्रिया लेखाखाली कायमच्या छापून टाका आणि नव्यांसाठी ईमेलचा पत्ता द्या.

कोणताही मार्ग घ्या, ते एक्सएमएल सार्वजनिक रेपॉझिटरीत ढकलू नका. त्यात प्रत्येक प्रतिक्रिया देणाऱ्याचा ईमेल आणि आयपी पत्ता असतो. स्क्रिप्टने नाव, तारीख आणि मजकूर तेवढा वेगळा काढा.

कोरी_वही

चारही गोष्टी मार्गी लागल्या. आता एकच: फीडने (नवे लेख वाचनसाधनात आपोआप पोहोचवणाऱ्या यादीने) वाचणारे वाचक आहेत, त्यांचं काय?

परतीचा_पत्ता

वर्डप्रेसचं फीड '/फीड/' या पत्त्यावर असतं, ह्यूगोचं मुळाशी 'इंडेक्स.एक्सएमएल'. फीडवाचकांना एचटीएमएल पानातून दिलेलं वळण कळत नाही, सर्व्हरचं ३०१ ('पत्ता कायमचा बदलला') उत्तरच लागतं. गिटहब पेजेसवर तसं वळण ठेवता येत नाही. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर येतं: 'स्टॅटिक' फोल्डरात '_रिडायरेक्ट्स' नावाची फाइल, तिच्यात एका ओळीत जुना मार्ग, नवा मार्ग आणि ३०१. फीडवाले वाचक गमवायचे नसतील तर होस्ट याच मुद्द्यावर ठरवा.

दुसरं, ह्यूगोच्या फीडमध्ये लेखाची ओळख म्हणजे त्याचा पत्ता. वर्डप्रेसमध्ये ती सहसा लेखक्रमांकाची असते. त्यामुळे पत्ते तेच ठेवले तरी वाचकांकडे जुने लेख पुन्हा न वाचलेले म्हणून येऊ शकतात. स्थलांतराच्या वेळी मांडणीतल्या 'सर्व्हिसेस'खाली आरएसएसची मर्यादा १० ठेवा, म्हणजे फार तर दहाच येतील. डोमेनचं नाव वळवण्याआधी जुन्या साइटच्या साइटमॅपमधले सगळे पत्ते एका यादीत काढा आणि ती यादी नव्या साइटच्या तात्पुरत्या पत्त्यावर 'कर्ल' या आज्ञेने तपासून घ्या. २०० ('पान सापडलं') सोडून दुसरं काही उत्तर आलं की तो लेख उघडून माथ्यातला पत्ता बघा. बहुधा कापलेलं शीर्षक नाहीतर 'ऱ' सापडेल.